वैद्यकाच्या परिभाषेतील ‘चार’

रुग्णालयातून घरी येणाऱ्या कागदांवर, औषधांच्या वेष्टनांवर आणि मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत जे लांबलचक परकीय शब्द आढळतात त्यांच्यापुढे सामान्य वाचक बहुधा हात टेकतो, आणि ही विद्या डॉक्टरांची, तिच्यात आपण डोके घालू नये, अशी मनाची समजूत घालून कागदाची घडी करून ठेवून देतो. ह्या शरणागतीचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे. कारण ह्या शब्दांपैकी पुष्कळांच्या आरंभी जो अंश असतो तो कसलेही गूढ तत्त्व सांगत नसून केवळ एक संख्या सांगत असतो, आणि ती संख्या ओळखण्यास लागणारे भांडवल मराठी मनुष्याच्या पदरी मातृभाषेनेच बांधून दिलेले असते. टेट्रासायक्लिन, टेट्रालॉजी, टेट्राप्लॉइड, क्वाड्रिसेप्स, क्वाड्रिव्हॅलंट, क्वार्टन ह्या सर्व शब्दांच्या मुखाशी चार हा आकडा बसलेला आहे.

ग्रीकांचा ‘टेट्रा’, लॅटिनचा ‘क्वाड्री’ आणि संस्कृताचा ‘चतुर्’ ही तिन्ही रूपे एकाच प्राचीन शब्दाची संतती होत. त्या मूळ शब्दाच्या आरंभीचा ‘क्व’सारखा ध्वनी लॅटिनने जवळजवळ जसाच्या तसा राखला, ग्रीकांच्या जिभेवर त्याचा ‘त’ झाला, आणि संस्कृताकडे व इराणी भाषांकडे येताना त्याचा ‘च’ झाला. फारसीतील ‘चहार’ ऐकताच आपल्याला तो ओळखीचा वाटतो तो ह्यामुळेच. प्राकृताच्या वाटेने मराठीत उतरताना ‘चतुर्’चा ‘चौ’ झाला आणि चौकोन, चौरस, चौकट, चौरंग, चौघडा असा त्याचा गोतावळा वाढला. दख्खनच्या सहा सुभ्यांतील वसुलाचा चौथा हिस्सा घेण्याची सनद १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणली, तेव्हापासून तर हा ‘चौ’ मराठी दौलतीच्या जमाखर्चातलाच एक प्रमुख शब्द होऊन बसला. ज्या भाषेच्या दप्तरात चौथाईचे हिशेब पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले, त्या भाषेच्या वाचकाने ‘टेट्रा’ पाहून बिचकावे असे काहीच कारण नाही.

मात्र आकडा ओळखला म्हणजे शब्द कळला असे नव्हे. चार खरे, पण चार काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. कोठे दिवस मोजलेले असतात, कोठे अवयव, कोठे अणूंची कडी, कोठे रोगजंतूंच्या जाती, आणि कोठे तर हा आकडा एखाद्या दुसऱ्याच शब्दाच्या पोटातून आलेला असून प्रत्यक्ष वस्तूशी त्याचा संबंधच उरलेला नसतो. हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर नाव ठेवणाऱ्याने त्या वेळी काय पाहिले होते आणि त्याची दृष्टी कोठपर्यंत पोहोचली होती, हे त्या नावातूनच उलगडू लागते.

ह्या कुळातील सर्वांत वृद्ध शब्द तापाचा आहे. हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी रोज येणारा, तिसऱ्या दिवशी येणारा आणि चौथ्या दिवशी येणारा असे तापांचे भेद केले. चरकसंहितेत विषमज्वराचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत तृतीयक आणि चतुर्थक ही नावे आहेतच. युरोपात लॅटिनच्या द्वारे ‘क्वार्टन’ म्हणून रूढ झालेला ताप आणि आपल्या ग्रंथांतला चतुर्थक ज्वर हे एकच. आता ह्या तापाच्या पाळ्या घड्याळ लावून मोजल्या तर दोन पाळ्यांमधले अंतर बहात्तर तासांचे, म्हणजे तीन दिवसांचे भरते. मग त्याला चौथ्या दिवसाचा ताप का म्हणावे, अशी शंका कोणासही येईल. तिचे निरसन सोपे आहे. जुन्या काळी ज्या दिवसापासून मोजायचे तो दिवसही गणनेत धरीत असत. सोमवारी हुडहुडी भरली तर सोमवार पहिला, मंगळवार व बुधवार विश्रांतीचे, आणि गुरुवार हा चौथा दिवस पुन्हा तापाचा. रोमन लोक असेच मोजीत, आपले आयुर्वेदाचार्यही असेच मोजीत, आणि सात दिवसांच्या कालखंडाला आजही आपण आठवडा म्हणतो, ‘आठ दिवसांनी या’ असे सांगून पुढच्या त्याच वाराची अपेक्षा करतो, ती त्याच गणनेची मराठीत राहिलेली खूण आहे.

ह्या नियमितपणाचे कारण दोन हजार वर्षांहून अधिक काळ कोणालाही ठाऊक नव्हते. चरकाने चतुर्थकाचे स्थान अस्थी व मज्जा ह्या खोल धातूंत मानले, आणि दोष तेथून वर येण्यास वेळ लागतो म्हणून ताप उशिरा परततो अशी उपपत्ती बसविली. ग्रीकांनी ते काम काळ्या पित्ताकडे सोपविले. १८८० साली अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे लाव्हरां ह्या फ्रेंच लष्करी वैद्याने हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवी पाहिला, आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांतच इटलीतील पाव्हिया येथे कामिल्लो गॉल्जी ह्यांनी चातुर्थिक तापाच्या रुग्णांचे रक्त वेगवेगळ्या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ह्या कोड्याचा उलगडा केला. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी वाढतो, मग फुलाच्या पाकळ्यांसारखी त्याची शकले होतात, पेशी फुटते, आणि नवी पिलावळ दुसऱ्या पेशींत शिरते. शरीरातील असंख्य परजीवी हे सारे जवळजवळ एकाच वेळी करतात, आणि पेशी फुटण्याची ती घटका म्हणजेच थंडी वाजून ताप चढण्याची घटका असते. चातुर्थिक तापाच्या परजीवीला, म्हणजे ‘प्लास्मोडियम मलेरिए’ ह्या जातीला, हे चक्र पुरे करण्यास बहात्तर तास लागतात; तृतीयक तापाच्या परजीवींना अठ्ठेचाळीस.

येथे प्राचीनांच्या निरीक्षणशक्तीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या ग्रंथांत ‘चतुर्थकविपर्यय’ नावाचा एक विचित्र ज्वर वर्णिलेला आहे: चार दिवसांच्या फेऱ्यात पहिला आणि शेवटचा दिवस मोकळा, आणि मधले दोन दिवस ताप. पहिल्याने वाचणाऱ्यास हे केवळ प्रकार वाढविण्याच्या हौसेतून लिहिले गेले असावे असे वाटते. परंतु एकाच रुग्णाच्या रक्तात चातुर्थिक परजीवींच्या दोन पिलावळी एक दिवसाच्या अंतराने नांदू लागल्या, तर नेमके हेच घडते. दोन दिवस लागोपाठ ताप, एक दिवस सुटका. आधुनिक वैद्यक त्यास दुहेरी चातुर्थिक म्हणते. उपपत्ती चुकली, पण रुग्णाच्या उशाशी बसून केलेली नोंद अचूक निघाली, आणि मला वाटते की विज्ञानाच्या इतिहासात अशा नोंदीचे मोल उपपत्तीपेक्षा पुष्कळ अधिक असते.

भारतात आज हिवतापाचे बहुतेक रुग्ण व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम ह्या दोन जातींचे असतात, आणि चातुर्थिकाचा वाटा अल्प आहे. पण त्या परजीवीची चिकाटी मोठी. रक्तात अत्यंत विरळ संख्येने तो कित्येक दशके टिकून राहू शकतो, आणि दीर्घकाळ उपचाराविना राहिलेल्या मुलांच्या मूत्रपिंडांस इजा करतो.

चाराच्या पोटी जन्मलेला पण चार न म्हणणारा एक शब्द ह्या ओघात आठवतो, तो म्हणजे क्वारंटाईन. लॅटिनमधील चाळीस हा शब्द चारावरूनच झाला, त्याचे इटालियन रूप ‘क्वारांता’, आणि बंदरात आलेल्या जहाजास चाळीस दिवस अलग ठेवण्याची जी तजवीज भूमध्य समुद्रावरील बंदरांनी केली तिचे हे नाव. आरंभी, १३७७ साली, रागुझा म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिक शहराने काढलेल्या हुकमात मुदत तीसच दिवसांची होती. चाळीस पुढे झाले. मुंबई इलाख्यात १८९६ च्या प्लेगापासून हा शब्द घरोघर पोहोचला, तो अद्याप आहे.

नुसत्या ध्वनिसाम्याने मात्र फसू नये. टिटॅनस ह्या रोगनामात चार नाही. ‘ताणणे’ ह्या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ते आले आहे, आणि तो धातू संस्कृतातील ‘तन्’चा सख्खा भाऊ आहे; म्हणजे टिटॅनसचे मराठी नाते ‘चार’शी नसून ‘ताण’शी आहे. रोग्याचे शरीर धनुष्यासारखे ताणले जाते हे पाहून आपल्या वैद्यांनी धनुःस्तंभ आणि लोकांनी धनुर्वात म्हटले, ते ह्याच निरीक्षणावरून. त्याचप्रमाणे क्विनाइनमध्ये लॅटिन पाच नाही. दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेत झाडाच्या सालीचा जो शब्द आहे त्यावरून ते नाव पडले.

आता एका अशा शब्दाकडे वळतो की जो ऐकताच आईबापांच्या पायांखालची जमीन सरकते, आणि म्हणूनच ज्याचा अर्थ प्रत्येकास ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते. ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हे जन्मजात हृदयविकाराचे नाव आहे. टेट्रालॉजी हा शब्द मूळचा वैद्यकातला नव्हे, रंगभूमीवरचा आहे. अथेन्समध्ये डायोनिससच्या उत्सवात प्रत्येक शोककवी तीन शोकनाट्ये आणि त्यांच्या मागून एक हलके नाट्य सादर करी, त्या चार नाट्यांच्या समूहाला हे नाव होते. १८८८ साली फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य आर्थर फॅलो ह्यांनी, जन्मापासून निळसर दिसणाऱ्या रुग्णांची हृदये मृत्यूनंतर तपासून, त्यांत चार दोष वारंवार एकत्र आढळतात हे दाखविले आणि त्या चौकडीस हा शब्द लावला. १९२४ मध्ये कॅनडातील मॉड ॲबट ह्या विदुषीने त्यास फॅलोंचे नाव जोडून दिले. असे हृदय फॅलोंच्या पूर्वी, सतराव्या शतकात, नील्स स्टेन्सन ह्या डॅनिश शारीरविदानेही पाहून ठेवले होते. परंतु त्याने एक हृदय पाहिले, फॅलोंनी त्यातला नियम पाहिला.

ते चार दोष असे. हृदयाच्या उजव्या जवनिकेतून फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. दोन जवनिकांमधल्या पडद्यास छिद्र असते. डाव्या जवनिकेतून निघावयाची महारोहिणी सरकून त्या छिद्रावर स्वार झालेली असते. आणि उजव्या जवनिकेची भिंत जाड झालेली असते. परिणामी प्राणवायूवाचूनचे काळसर रक्त फुप्फुसांकडे पुरेसे न जाता छिद्रातून महारोहिणीत शिरते, आणि मूल रडले, धावले, दमले की त्याचे ओठ व नखे निळी पडतात. थोडी मोठी झालेली मुले अशा वेळी आपण होऊन उकिडवी बसतात. त्यामुळे पायांतील रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते आणि त्यांना आराम पडतो. कोणी न शिकविता लहान मुलाने स्वतःच्या हृदयावर शोधून काढलेला हा उपाय वैद्यांना निदानाच्या कामी फार उपयोगी पडला आहे.

पण हे चार दोष खरोखर चार आहेत काय? गर्भात हृदय घडत असताना त्याच्या निर्गममार्गातील एक लहानसा पडदा आपली जागा सोडून पुढे सरकतो, एवढा एकच मूळ बिघाड असतो. पडदा पुढे सरकला म्हणून फुप्फुसांची वाट अरुंद झाली. तो आपल्या जागी नसल्याने छिद्र राहिले. छिद्रावर महारोहिणी आली. आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलता ढकलता उजव्या जवनिकेचे स्नायू जाड झाले. चौथा तर जन्मजात दोषही नव्हे, श्रमाचा परिणाम आहे. शस्त्रवैद्य म्हणूनच चारांची दुरुस्ती करीत बसत नाही. तो छिद्र असे बुजवितो की डावी जवनिका थेट महारोहिणीत उघडावी, आणि अरुंद वाट रुंद करतो. ही दोन कामे नीट झाली म्हणजे तिसऱ्याचा प्रश्न त्यांतच मिटतो व चौथा कालांतराने बराच ओसरतो. नावात चार, कारण एक, दुरुस्त्या दोन, असा हा मामला आहे, आणि डॉक्टरांच्या तोंडून ‘चार दोष’ ऐकून धीर सोडणाऱ्या आईबापांस हे कोणीतरी शांतपणे समजावून सांगितले पाहिजे.

ही दुरुस्ती शक्य होण्यापूर्वी बहुतेक निळी बालके मोठी होत नसत. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लेलॉक ह्यांनी हाताकडे जाणारी एक रोहिणी वळवून फुप्फुसाच्या रोहिणीस जोडली आणि रक्ताला नवी वाट करून दिली. ही कल्पना बालहृदयतज्ज्ञ हेलन टाउसिग ह्यांची, आणि ती कृतीत कशी आणावी हे प्रयोगशाळेत कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून सिद्ध करणारे हात व्हिव्हियन थॉमस ह्यांचे. थॉमस कृष्णवर्णीय होते, त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती, आणि त्या दिवशी ते ब्लेलॉक ह्यांच्या पाठीमागे स्टुलावर उभे राहून त्यांना प्रत्येक टाका सांगत होते. पण शस्त्रक्रियेच्या नावात त्यांचे नाव येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. हृदय उघडून संपूर्ण दुरुस्ती पुढे १९५४ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय ह्यांनी केली. आपल्याकडे २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयविकारांचा अंतर्भाव आहे, आणि अंगणवाडीत वा शाळेत तपासणीस येणाऱ्या पथकाकडे मुलाला आवर्जून नेले तर हा दोष वेळीच हाती लागू शकतो.

अवयवांचे चार मोजणारे शब्द त्या मानाने सरळ आहेत. मांडीच्या पुढच्या भागातील क्वाड्रिसेप्स, म्हणजे चतुःशिरस्क स्नायू, वर चार ठिकाणांहून निघतो आणि खाली एकाच कंडरेने गुडघ्याच्या वाटीवर येतो. गुडघेदुखीच्या रुग्णास फिजिओथेरपिस्ट जे पाय ताठ करण्याचे व्यायाम देतात ते ह्याच्या बळकटीसाठी. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील काही संशोधकांनी त्यात पाचवे शिरही असल्याचे प्रतिपादन केले, पण नावाचा फेरफार अद्याप कोणी नोंदविलेला नाही.

क्वाड्रिप्लेजिया ह्या शब्दावर मात्र पंडितांत वाद झाला. मानेतील मज्जारज्जूस इजा होऊन दोन्ही हात व दोन्ही पाय निकामी होतात त्या अवस्थेचे हे नाव; त्याचा पूर्वार्ध लॅटिन आणि उत्तरार्ध ग्रीक आहे, आणि असा संकर शुद्धतेच्या अभिमान्यांस खपत नाही. म्हणून मज्जारज्जूच्या इजेविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेने पुढे शुद्ध ग्रीक ‘टेट्राप्लेजिया’ स्वीकारला, आणि आज दोन्ही शब्द एकाच अर्थाने कागदोपत्री चालतात. आपल्या वैद्यकाने अंग मोजण्याची निराळी तऱ्हा ठेवली: एकांगवात, पक्षाघात, सर्वांगवात. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की येथील चार म्हणजे चारही अवयव पूर्ण मृत असा अर्थ नव्हे. इजा मानेत जितकी खाली तितकी हातांची अधिक शक्ती शिल्लक राहते, एखाद्यास कोपर वाकविता येते, दुसऱ्यास मनगट उचलता येते, आणि तेवढ्यावर जेवणे, लिहिणे, चाकाची खुर्ची चालविणे साधता येते. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमान ह्यांनी असे रुग्ण हाती घेतले तेव्हा मज्जारज्जूच्या रुग्णाचा मृत्यू ठरलेला मानीत. अंगाखाली जखमा होऊ नयेत म्हणून रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्रमार्गाची स्वच्छता आणि खेळ, एवढ्या साधनांवर त्यांनी तो समज मोडून काढला. पुण्याजवळ खडकी येथील केंद्रात असे जखमी जवान राहतात, आणि त्यांतील काहींनी तोंडात कुंचला धरून चित्रकला आत्मसात केली आहे. अपघातस्थळी जखमीस चौघांनी हातापायांना धरून उचलण्याची आपल्याकडची रीत ह्या संदर्भात अतिशय घातक आहे. मान व पाठ एका रेषेत स्थिर ठेवल्यावाचून त्याला हलवू नये.

रसायनशास्त्रातील चार डोळ्यांना दिसत नाही. टेट्रासायक्लिन ह्या औषधाचे नाव त्याच्या रेणूत एकमेकांस बिलगलेल्या चार कड्यांवरून आहे, आणि औषध आधी मिळाले, चार कडी नंतर कळली. सत्तरी ओलांडलेल्या बेंजामिन डग्गर ह्यांनी अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या शेतातील मातीच्या नमुन्यातून एक सोनेरी जंतू वेगळा केला, त्यापासूनचे औषध ऑरिओमायसिन म्हणून १९४८ साली जाहीर झाले. ज्या प्रयोगशाळेत हे घडले तिचे संशोधनप्रमुख भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे रॉबर्ट वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा औषधांची रचना उलगडली, लॉइड कोनोव्हर ह्यांनी त्यातील क्लोरीन काढून टाकले, आणि चार कड्यांचे नाव पडले. हे औषध कॅल्शियमला धरून बसते, म्हणून ते घेणाऱ्या लहान मुलांचे येणारे दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात; आठ वर्षांखालील मुलांस व गर्भवतींस ते देत नाहीत ते ह्यामुळे. ह्याच गुणाने एक चमत्कार उघड केला: सुदानच्या भूमीतील प्राचीन न्युबियन लोकांच्या हाडांत टेट्रासायक्लिनच्या चकाकत्या रेषा आढळल्याचे १९८० साली प्रसिद्ध झाले, आणि धान्यावर वाढलेल्या जंतूमुळे त्यांच्या मद्यात ते उतरले असावे असे अनुमान निघाले. मुंबईत पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी ज्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात त्या ह्याच चार कड्यांच्या घराण्यातल्या.

टेट्रोडोटॉक्सिन ह्या जालीम विषात मात्र चार नाहीत. आपल्या कोकणात ज्याला केंड म्हणतात त्या फुगणाऱ्या माशाच्या जबड्यात चार पात्यांसारखे दात असतात, म्हणून त्याच्या कुळाला चार दातांचे नाव मिळाले, आणि १९०९ साली जपानचे योशिझुमी ताहारा ह्यांनी विषाचे बारसे माशावरून केले. जीवशास्त्रात ‘टेट्रापॉड’ म्हणजे चतुष्पाद; त्यात पाय गमावलेला साप आणि समुद्रात परतलेला देवमासाही मोडतो, कारण तेथे मोजणी पूर्वजांच्या पायांची असते. मुंबईकरास हा शब्द मरीन ड्राइव्हच्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांमुळे ठाऊक आहे. ती १९५० साली फ्रान्समधील ग्रनोबलच्या अभियंत्यांची योजना.

शेतकऱ्यांच्या घरात ह्या आकड्याने जेवढी उलथापालथ केली तेवढी क्वचितच कोठे केली असेल. टेट्राप्लॉइड म्हणजे ज्याच्या पेशीत गुणसूत्रांचे चार संच आहेत असे. वऱ्हाड-खानदेशातील जुना देशी कापूस दोन संचांचा, सव्वीस गुणसूत्रांचा. लांब धाग्याचा अमेरिकन कापूस चार संचांचा, बावन्न गुणसूत्रांचा. ही विषमता असल्यामुळे दोघांचा संकर करू पाहणाऱ्यांच्या हाती बहुधा वांझ झाडे येत. गंमत अशी की त्या अमेरिकन कापसाचे दोन संच अमेरिकेतल्या रानकापसाचे आणि उरलेले दोन आपल्या देशी कापसाच्या गोत्रातले आहेत. मनुष्यप्राण्याने शेती करण्याच्या लक्षावधी वर्षे आधी कोणत्या तरी मार्गाने ही दोन कुळे एकत्र आली. गव्हातही हाच भेद आहे. सांगली-साताऱ्याकडचा खपली गहू आणि बन्सी गहू हे चार संचांचे, अठ्ठावीस गुणसूत्रांचे. रोजच्या पोळीचा गहू सहा संचांचा, बेचाळीस गुणसूत्रांचा. खपली दळून केलेली खीर आणि साध्या कणकेची पोळी ह्यांच्या पोतातला फरक ह्या जमाबंदीपर्यंत जाऊन पोहोचतो.

शेवटी लशींकडे येतो, कारण तेथे ह्या आकड्याचा अर्थ आज थेट सामान्य माणसाच्या निर्णयाशी भिडलेला आहे. कार्बनला टेट्राव्हॅलंट म्हणतात तेव्हा तो चार बंधांनी इतर अणूंस धरतो असा अर्थ असतो. लस क्वाड्रिव्हॅलंट असते तेव्हा ती रोगजंतूच्या चार प्रकारांपासून रक्षण करते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण असलेल्या मानवी पॅपिलोमा विषाणूवरील अशी भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि २०२२ साली तिला मंजुरी मिळाली. तिच्यातील चार म्हणजे ह्या विषाणूचे ६, ११, १६ व १८ हे प्रकार. ह्यांपैकी १६ आणि १८ हे दोन मिळून सुमारे सत्तर टक्के गर्भाशयमुख-कर्करोगांस कारण होतात. उरलेले दोन जननेंद्रियांवरील चामखिळींचे. म्हणजे कर्करोगाविरुद्ध त्या चारांतले दोन लढतात, आणि उरलेल्या तीस टक्क्यांसाठी लस घेतलेल्या स्त्रीनेही वयाच्या तिशीनंतर तपासणी चालू ठेवणे आवश्यक असते.

फ्ल्यूच्या लशीत तर आकडाच बदलला. ए गटाचे दोन आणि बी गटाचे दोन असे चार विषाणू तिच्यात घालीत. पण बी गटातील यामागाता हा वंश मार्च २०२० नंतर जगात कोठेही खात्रीने आढळलेला नाही, आणि सप्टेंबर २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश आता अनावश्यक असल्याचे सांगून तीन विषाणूंच्या लशीकडे परतण्याचा सल्ला दिला. ‘चारांऐवजी तीनचीच लस दिली’ म्हणून दवाखान्यात हुज्जत घालणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की गेलेला चौथा आता शत्रूच्या गोटातच नाही.

डेंग्यूच्या बाबतीत मात्र चौथा वगळता येत नाही. ह्या विषाणूचे चार उपप्रकार आहेत; त्यांतील तिसरा व चौथा १९५६ सालच्या मनिलातील साथीत प्रथम हाती लागले. एका उपप्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते, परंतु पुढे दुसऱ्या उपप्रकाराची लागण झाली तर पहिल्याविरुद्धची अपुरी प्रतिद्रव्येच विषाणूला पेशींत शिरण्यास मदत करतात आणि आजार अधिक उग्र होतो. ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झाला नव्हता अशा मुलांत एका लशीने पहिल्या लागणीसारखेच काम केले आणि पुढची खरी लागण काहींना गंभीर झाली, हे २०१७ साली लोकांसमोर आले आणि फिलिपिन्समध्ये मोठी खळबळ उडाली. म्हणून डेंग्यूची लस चारही उपप्रकारांविरुद्ध एकाच वेळी आणि समतोल काम करणारीच असावी लागते. तीनांवर चांगली आणि चौथ्यावर दुबळी असलेली लस अपायकारक ठरू शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथे पहिल्या स्वयंसेवकास टोचून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ज्या स्वदेशी डेंग्यू लशीच्या तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केली, ती ह्याच चौघांविरुद्धची आहे, आणि चारही बाजूंनी ती सारखीच टिकते की नाही हे ठरविण्यासाठी लस घेतलेल्यांवर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागणार आहे.